चिप ओळखली जात नाही तेव्हा: फ्लॅश प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये सक्तीच्या वाचनाची सोय कशी बांधावी

फर्मवेअरच्या चिपला क्लिप लावली, प्रोग्रामर जोडला, सॉफ्टवेअर चालवलं आणि उत्तर आलं, 'चिप सापडली नाही'. चिप समोर दिसतेय, तिच्या पाठीवरचा नंबर भिंगातून वाचता येतोय, पण सॉफ्टवेअर ती मानायला तयार नाही. अशा वेळी वापरणाऱ्याला सांगता यायला हवं, 'चिप अमुक आहे असं धरून चाल आणि मिळेल ते वाचून दे.' हेच सक्तीचं वाचन, म्हणजे फोर्स्ड रीड. फ्लॅशरॉम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे: सक्तीचा -एफ, वाचनाचा -आर आणि चिपचं नाव देणारा -सी असे तीन पर्याय एकत्र दिले आणि नेहमीची ओळख फसली, की ते चिप आहे असं गृहीत धरून वाचतं. सोबत बजावतंही, की अशा वाचनात बहुधा कचराच हाती येईल.

तुम्ही अशा एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय पहिल्यांदाच घालणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कोड थोडाच लागतो. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे ठरवणं. या लेखात 'प्रोग्रामर' म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण किंवा बोर्डवरचा कंट्रोलर. आज्ञांचे, बाइटांचे आणि चिपमधल्या पत्त्यांचे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आहेत: ९एफ, ०३, एबी असे. किबी, मेबी, गिबी म्हणजे किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

किमान तीन चिपांच्या डेटाशीट: एक ८ मेबीची एसपीआय चिप (एसपीआय ही मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणारी बस, म्हणजे जोडणीची पद्धत), एक ३२ मेबीची आणि जमल्यास एक जुनी समांतर बसची. एक बाहेरचा एसपीआय प्रोग्रामर, आठ पायांची क्लिप, व्होल्टमीटर. लॉजिक ॲनालायझर असेल तर अर्धं काम सोपं होतं, कारण सॉफ्टवेअरनं आज्ञा पाठवली आणि चिपनं उत्तर दिलं नाही, की आज्ञा गेलीच नाही, हा फरक तारेवरच दिसतो. खऱ्या चिपशिवाय चाचण्या चालवायला नकली प्रोग्रामरही हवा. फ्लॅशरॉममध्ये तो 'डमी' या नावानं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर आधी तो लिहा.

क्लिप लावण्याआधी चिपचा व्होल्टेज तपासा. १.८ व्होल्टची चिप ३.३ व्होल्टवर चालवली तर ती कायमची जाऊ शकते, आणि सक्तीच्या वाचनात तुम्हाला सावध करायला ओळखही नसते.

१. सक्तीनं नेमकं काय वगळायचं ते ठरवा

एकच गोष्ट वगळायची: चिपनं दिलेली ओळख आणि सॉफ्टवेअरमधल्या चिपांच्या यादीतली नोंद जुळली पाहिजे ही अट. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे: बस जुळते का, प्रोग्रामरला ही आज्ञा पाठवता येते का, त्रुटी आली तर ती वर कळवणं. 'सक्ती आहे ना, मग त्रुटींकडे दुर्लक्ष करू' असा शॉर्टकट घेतलात, तर फाइल तयार होईल, पण तिच्यातला कुठला तुकडा खरा आणि कुठला रिकामा बफर, हे कुणालाच सांगता येणार नाही.

लिहिणं आणि पुसणं सक्तीच्या वाटेनं कधीही होऊ देऊ नका. वाचन चुकलं तर निरुपयोगी फाइल मिळते, चिप होती तशीच राहते. लिखाण चुकलं तर बोर्ड मरतो. पुसण्याच्या ब्लॉकचा आकार, संरक्षणाचे बिट, पानाची लांबी या सगळ्या गोष्टी चिपागणिक बदलतात, आणि ओळख नसताना त्या सगळ्या अंदाजानंच घेतलेल्या असतात. फ्लॅशरॉमचा नियमही तोच: चिप आपोआप सापडली नाही तर लिखाण होणारच नाही.

२. ओळख का फसली याची कारणं आधी वेगळी काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'चिप सापडली नाही' या एका वाक्यामागे चार-पाच अगदी वेगळी दुखणी असतात, आणि सक्तीचं वाचन त्यातल्या दोनांवरच चालतं.

एसपीआय चिपला ९एफ ही ओळख विचारणारी आज्ञा पाठवली की तीन बाइट येतात. पहिला निर्मात्याचा, पुढचे दोन मॉडेलचे. तिसरा बाइट पुष्कळदा क्षमता सांगतो. उदाहरणार्थ विनबाँडची ८ मेबीची डब्ल्यू२५क्यू६४ ईएफ ४० १७ असं उत्तर देते. हेक्स १७ म्हणजे २३, आणि २ चा २३ वा घात म्हणजे ८ मेबी. हे तीन बाइट वापरणाऱ्याला दाखवा. 'सापडली नाही' म्हणून गप्प बसणारं सॉफ्टवेअर त्याला अंधारात ठेवतं.

एफएफ एफएफ एफएफ आलं, तर उत्तराची तार वर ओढलेली आहे आणि चिप बोलतच नाहीये. ०० ०० ०० आलं, तर तार खाली धरली गेली आहे किंवा चिपला वीजच नाही. दोन्ही वेळा सक्तीनं वाचलं तरी तेच बाइट लाखो वेळा मिळतील. क्लिप सरकलेली असते, क्लिप उलटी असते, किंवा तिसरा पाय (लेखन-संरक्षण) आणि सातवा पाय (होल्ड) अधांतरी सोडलेले असतात. होल्ड खाली गेला की चिप उत्तराची तार सोडून देते. हे दोन्ही पाय पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधलेले असावेत.

दर वेळी वेगळे बाइट आले, तर तारा लांब आहेत, घड्याळाचा वेग जास्त आहे किंवा बोर्डवरचा दुसरा कुणी त्याच तारांवर बोलतोय. म्हणून ओळख पाच वेळा विचारा. पाच उत्तरं सारखी नसतील तर सक्तीचं वाचन नाकारा आणि वेग कमी करायला सांगा. वेग १ मेगाहर्ट्झवर आणला तर ८ मेबीच्या चिपला निदान ६७ सेकंद लागतात. खऱ्या प्रतीसाठी तेवढं थांबणं परवडतं.

चिप गाढ झोपेत असेल, म्हणजे तिला बी९ ही आज्ञा मिळालेली असेल, तर ती ९एफला उत्तर देत नाही. पण ती ०३ या वाचनाच्या आज्ञेलाही देणार नाही! तिथे उपाय सक्तीचा नाही. एबी पाठवून तिला उठवा, डेटाशीटमधली वेळ थांबा आणि पुन्हा विचारा. ही वेळ मायक्रोसेकंदांत असते, त्यामुळे १ मिलिसेकंद थांबलात तरी चालतं. चार तारांच्या आज्ञा-अवस्थेत अडकलेल्या चिपचंही तसंच: तिला एका तारेवरचं काहीच कळत नाही, वाचनसुद्धा. सक्तीकडे वळण्याआधी ही जागं करण्याची पायरी घाला. अनेकांना पुढे सक्ती लागतच नाही.

आता सक्ती खरोखर उपयोगी पडते ती दोन ठिकाणं. पहिलं, कंट्रोलरला कुलूप असतं तिथे. इंटेलच्या आयसीएच या चिपसेट-मालिकेतल्या एसपीआय कंट्रोलरमध्ये चालवता येणाऱ्या आज्ञांची आठ जागांची यादी असते. बायोस ती भरतं आणि कुलूप लावतं. ते रीसेट होईपर्यंत निघत नाही. त्या आठात ९एफ नसेल तर ओळख विचारताच येत नाही, पण ०३ असेल तर वाचन व्यवस्थित होतं. चिप, तारा, वीज सगळं ठणठणीत असतं, फक्त प्रश्न विचारायला बंदी असते. दुसरं, ओळख नीट येते पण ती यादीत नसते, म्हणजे चिप तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा नवी असते. तिथे कायमचा इलाज नवी नोंद घालणं हाच आहे, पण तोवर जवळच्या नोंदीवरून वाचता येतं.

या दोन प्रकारांसाठी कोडमध्ये दोन वेगळे निकाल ठेवा: 'कंट्रोलरनं आज्ञा नाकारली' आणि 'ओळख आली पण अनोळखी'. दोन्ही एकाच 'नाही'मध्ये मिसळले तर पुढचा कुठलाच निर्णय धड घेता येत नाही.

३. पर्यायांची रचना

सक्ती, वाचन आणि चिपचं नाव तिन्ही दिल्याशिवाय वाट उघडू नका. नाव नसेल तर सॉफ्टवेअरला आकारही माहीत नसतो आणि बसही. सक्तीसोबत लिहिणं किंवा पुसणं मागितलं, तर चिपला हात लावण्याआधीच, पर्याय वाचतानाच थांबा.

एक सापळा 'सक्ती' या शब्दातच आहे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये एकच सक्तीचा पर्याय अनेक इशारे ओलांडायला वापरला जातो: फाइल या बोर्डाची वाटत नाही तरी लिही, हा लॅपटॉप तपासलेला नाही तरी चाल, आणि चिप सापडली नाही तरी वाच. वापरणारा एका कारणासाठी सक्ती लावतो आणि नकळत दुसरं कुंपण पाडतो. नव्यानं बांधत असाल तर 'ओळखीशिवाय वाच' हा स्वतंत्र पर्याय द्या. नाव लांबलचक झालं तरी चालेल, रोज टाइप करायची ही गोष्ट नाही.

आणि नेहमीची ओळख आधी झालीच पाहिजे, सक्ती मागितली असली तरी. ती यशस्वी झाली तर सक्ती बाजूला ठेवून साधं वाचन करा आणि तसं सांगा.

४. चिपची नोंद उसनी घ्या

चिपांची यादी न बदलणारी ठेवलेली असते. निवडलेल्या नोंदीची प्रत काढा आणि त्या प्रतीवरच काम करा. प्रतीतले लिहिण्याचे आणि पुसण्याचे फंक्शन-निर्देशक रिकामे करा, आणि 'ओळख पटलेली नाही' अशी खूण त्या रचनेतच ठेवा. पर्याय तपासताना आपण लिखाण अडवलंच आहे, मग पुन्हा कशाला, असं वाटेल. पण उद्या कुणी हेच फंक्शन ग्राफिकल पडद्यावरून किंवा लायब्ररीतून बोलावेल, तिथे पर्यायांची तपासणी नसेल. कुंपण डेटात असलं की ते सगळीकडे सोबत जातं.

५. प्रोबसोबत गुपचूप होणारी कामं

नवख्यांचा पाय हमखास घसरतो तो इथे. प्रोब म्हणजे फक्त ओळख विचारणं असं वाटतं, पण त्याच फंक्शनमध्ये इतरही कामं उरकलेली असतात. प्रोब वगळला की तीही वगळली जातात.

मेमरीत जोडल्या जाणाऱ्या चिपांसाठी, म्हणजे समांतर बसवर आणि पीसीच्या बोर्डांवरच्या एलपीसी आणि एफडब्ल्यूएच या बसवर, चिपचा पत्ता-प्रदेश सॉफ्टवेअरच्या मेमरीत जोडणं आधी व्हावं लागतं. हे काम प्रोबच्या आत असेल तर बाहेर काढा: आधी जोडणी, मग सक्ती आहे का ते पाहणं, मग ओळख. फ्लॅशरॉममध्ये हाच क्रम आहे. उलटा क्रम ठेवलात तर सक्तीचं वाचन पहिल्याच बाइटला कोसळतं.

काही नोंदी साच्यासारख्या असतात. 'एसएफडीपी असलेली चिप' या नोंदीत आकार शून्य असतो; एसएफडीपी म्हणजे चिपमध्येच ठेवलेला तिच्या माहितीचा तक्ता, त्यातून प्रोबच तो आकार भरतो. अशा नोंदीवर सक्ती लावली तर शून्य बाइटांची फाइल 'यशस्वीपणे' तयार होते. आकार शून्य असेल तर सरळ नकार द्या आणि ठोस नाव मागा. कंट्रोलर स्वतःच सगळा व्यवहार करतो आणि चिपच्या आज्ञा दिसूच देत नाही, अशा अपारदर्शक प्रोग्रामरचंही असंच: आकार त्याच्याकडून येतो, तिथे चिपच्या नावाला अर्थ नाही.

१६ मेबीच्या पुढच्या चिपांना चार बाइटांचा पत्ता लागतो. तीन बाइटांत १,६७,७७,२१६ इतकेच पत्ते बसतात. चार बाइटांच्या अवस्थेत जाण्याची बी७ ही आज्ञा प्रोबनंतरच्या तयारीत पाठवली जात असेल, तर सक्तीच्या वाटेवर ती तयारी होते का ते पाहा. काही चिपांना बी७ च्या आधी ०६ ही लेखनाची मुभा देणारी आज्ञा लागते. शक्य तिथे अवस्था न बदलता १३ ही चार बाइटांची वाचन-आज्ञा वापरा. तिच्यामुळे चिपची अवस्था आहे तशीच राहते.

समांतर चिपांची ओळख विचारायला बसवर लिहावं लागतं: ५५५५ वर एए, २एएए वर ५५, पुन्हा ५५५५ वर ९०. बाहेर पडायला एफ०. यादीतल्या शेकडो नोंदींचे प्रोब होऊन गेल्यावर एखादी चिप ओळख-अवस्थेतच राहिली, तर सक्तीच्या वाचनात सुरुवातीचे बाइट ओळखीचे येतील. प्रत्येक प्रोबनं आपण उघडलेलं दार आपणच लावायचं. सक्तीच्या वाटेवरून मात्र 'खबरदारी म्हणून' एकही लेखन-चक्र पाठवू नका, समोर कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

६. प्रोग्रामर निवडणं

एकाच वेळी एकाहून जास्त कंट्रोलर नोंदलेले असू शकतात. चिपची बस ज्यांच्याशी जुळते तेवढेच घ्या. एकही नसेल तर थांबा. अनेक असतील तर फ्लॅशरॉम पहिला घेतं आणि तसं सांगतं. मला विचाराल तर यादी दाखवून वापरणाऱ्यालाच निवडायला लावणं बरं.

७. वाचन

०३ ही साधी वाचन-आज्ञा वापरा. ०बी ही वेगवान आज्ञा पत्त्यानंतर घड्याळाचे आठ रिकामे ठोके मागते आणि कुलूपबंद यादीत ती असेलच असं नाही. पण ०३ सगळीकडे सारखी नसते: एसपीआय नँड चिपमध्ये आधी १३ नं (इथे या आज्ञेचा अर्थ वेगळा आहे) पान आतल्या बफरमध्ये आणावं लागतं आणि मग ०३ त्या बफरमधून वाचते. म्हणून सक्तीसाठी दिलेलं नाव निदान त्याच कुळातलं असलं पाहिजे, हे मदतीच्या मजकुरात लिहा.

वाचन तुकड्यांत करा. आयसीएचचा कंट्रोलर एका वेळी ६४ बाइटच देतो. एखाद्या तुकड्यावर त्रुटी आली, उदाहरणार्थ त्या प्रदेशाला वाचनबंदी असली, तर तिथली जागा एफएफनं भरून पुढे जाऊ नका. पुसलेली फ्लॅशही एफएफच दिसते. एक तर थांबा, नाहीतर न वाचलेल्या पट्ट्यांची सुरुवात आणि शेवट वेगळ्या फाइलमध्ये नोंदवा.

पूर्ण वाचन दोनदा करा, दुसऱ्यांदा तुकड्याचा आकार बदलून. दोन्ही प्रती सारख्या आल्या म्हणजे तारा स्थिर आहेत एवढंच कळतं. चिप बरोबर निवडली होती की नाही, हे त्यावरून कळत नाही.

८. आकार चुकीचा निघाला तर

वापरणाऱ्यानं १६ मेबीची नोंद दिली आणि चिप ८ मेबीची निघाली, तर एसपीआय चिप वरचा पत्ता-बिट बघतच नाही. फाइलचा दुसरा अर्धा भाग पहिल्याची हुबेहूब प्रत असतो. म्हणून शेवटी दोन्ही अर्धे ताडून पाहा. सारखे असतील आणि सगळे एफएफ नसतील तर इशारा द्या. नकार मात्र नको, क्वचित एखाद्या फर्मवेअरमध्ये खरंच दोन प्रती ठेवलेल्या असतात. ३२ मेबीच्या चिपेवर चार बाइटांची तयारी राहून गेली तरी हेच लक्षण दिसतं.

उलट चूक जास्त वाईट: चिप १६ मेबीची, नोंद ८ ची. फाइल स्वच्छ दिसते, दोनदा वाचली तरी जुळते, आणि अर्धं फर्मवेअर बाहेरच राहतं. फाइल कितीही तपासली तरी हे कळत नाही. मार्ग असा: वाचन संपल्यावर, नोंदीतल्या आकाराइतक्या पत्त्यावरून आणखी एक तुकडा वाचा आणि फाइलमधल्या शून्य पत्त्यावरच्या तुकड्याशी ताडा. सारखा असेल तर पत्ता गुंडाळला गेला, आकार बहुधा बरोबर आहे. वेगळा असेल तर चिप मोठी असण्याची दाट शक्यता. दोन्ही तुकडे नुसते एफएफ असतील तर आणखी चार ठिकाणी करून पाहा.

पीसीच्या एलपीसी आणि एफडब्ल्यूएच चिपांमध्ये मात्र हे सगळं उलटं होतं. तिथे चिपचा शेवट मेमरी-पत्त्यांच्या ४ गिबीच्या टोकाला टेकलेला असतो, आणि सुरुवातीचा पत्ता त्या टोकातून आकार वजा करून काढतात: ५१२ किबीसाठी एफएफएफ८००००, १ मेबीसाठी एफएफएफ०००००. मोठी नोंद दिली तर फाइलचा शेवट बरोबर येतो आणि सुरुवातीला कचरा. छोटी दिली तर सुरुवात कापली जाते. एसपीआयसाठी लिहिलेली तपासणी इथे जशीच्या तशी वापरू नका.

आणखी एक सोपी खूण. इंटेलच्या बोर्डावरची पूर्ण प्रत असेल आणि तिच्यात डिस्क्रिप्टर (चिपचे भाग कुठून कुठवर आहेत ते सांगणारा सुरुवातीचा तक्ता) असेल, तर हेक्स १० या पत्त्यावर ५ए ए५ एफ० ०एफ हे चार बाइट दिसतात. दिसले तर निदान फाइलची सुरुवात योग्य जागी आहे.

९. संदेश, फाइल आणि परतीचा आकडा

वाचनाआधी एकदा सांगा की चिप गृहीत धरली आहे, आणि नंतर पुन्हा सांगा. मधे प्रगतीच्या ओळींमध्ये पहिला इशारा वर निघून जातो. दुसऱ्या संदेशात निवडलेली चिप, वाचलेला आकार, आलेले ओळखीचे बाइट आणि दोन प्रतींचा निकाल हवा. हाच मजकूर फाइलशेजारी साध्या नोंदीतही ठेवा. सहा महिन्यांनी कुणी हीच फाइल 'मूळ बायोस' समजून परत लिहायला घेईल तेव्हा तिच्याजवळ तिचा इतिहास असायला हवा.

आधी तात्पुरत्या नावानं लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहू नका. ती कदाचित एकमेव चांगली प्रत असेल. स्क्रिप्टसाठी परतीचा आकडा शून्य तेव्हाच द्या, जेव्हा दोन्ही वाचनं जुळली आणि एकही पट्टा सुटला नाही. बाकी वेळी वेगळा आकडा, आणि तो मदतीत नोंदवलेला.

१०. चाचण्या

नकली प्रोग्रामरला ठरावीक आज्ञा नाकारायला किंवा गिळून टाकायला शिकवा. फ्लॅशरॉमच्या डमीत या दोन वेगळ्या याद्या देता येतात: एका यादीतल्या आज्ञांना त्रुटी मिळते, दुसरीतल्या चुपचाप दुर्लक्षिल्या जातात. दुसऱ्या कलमातला फरक तपासायला नेमकं हेच लागतं.

मग या परिस्थिती चालवा: ९एफ नाकारलेली पण ०३ चालू, इथे फाइल मूळ प्रतिमेशी बाइटनिशी जुळली पाहिजे. ९एफ आणि ०३ दोन्ही नाकारलेल्या, इथे फाइल उरताच कामा नये. सक्तीसोबत लिखाण मागितलेलं, इथे नकली चिपला एकही आज्ञा गेलेली नसावी, हे आज्ञांच्या नोंदीवरून तपासा. दुप्पट आकाराची नोंद, निम्म्या आकाराची नोंद, आकार शून्य असलेली नोंद. मधल्याच तुकड्यावर त्रुटी. आणि चिप व्यवस्थित ओळखली जात असताना दिलेली सक्ती, जिथे सॉफ्टवेअरनं साधं वाचन करून 'सक्ती लागली नाही' असं सांगायला हवं.

प्रतिमा म्हणून नुसते एफएफ किंवा यादृच्छिक बाइट देऊ नका. प्रत्येक चार बाइटांत त्यांचा स्वतःचाच पत्ता लिहिलेली प्रतिमा बनवा. वाचन कुठे सरकलं, कुठे गुंडाळलं, किती बाइटांनी चुकलं, हे अशा फाइलच्या पहिल्या ओळीवरूनच कळतं.